सुबुकदोश

सर, मंगळवारी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्रभारी प्राचार्यांनी तुमच्याबद्दलची माहिती कागदावरून वाचली. शिक्षण कुठे झालं, वकिलीची सनद कुठली, कोणकोणत्या तालुक्यांत मुन्सिफ म्हणून कोर्ट चालवलंत, असं ओळीने वाचत गेले. मग एका ओळीपाशी थांबले. चष्मा सारखा केला आणि ती ओळ सोडून पुढची वाचली. सभेत कोणाला काही कळलं नाही. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांत होते, मग जिन्यावर नेहमीचा आवाज सुरू झाला.

प्राचार्यांनी सभ्यपणाने गाळलेली ती ओळ मी लिहिली होती. ती खोटी होती. तुम्ही असताना हे तुमच्यासमोर बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे. आपल्या मराठी मुलांच्या हस्तलिखित अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे तुमच्यावर दोन पानं मागितली. "तू त्यांचा लाडका होतास," असं ते म्हणाले. मी हो म्हणालो, पण लिहायला बसलो तर हेच निघालं.

तुम्ही मुलांना त्यांच्या तालुक्याच्या नावाने हाक मारायचात. औसा, भोकर, मुधोळ. मी जिंतूर. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "काय जिंतूर, घरात आधी कोणी कचेरीची पायरी चढलंय का?" मी सांगितलं की वडील एकदा चढले होते, साक्षीला. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. साक्षीत काय विचारलं, वडील काय म्हणाले आणि अहलकाराने, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाने, काय लिहून घेतलं, हे तुम्ही एकापाठोपाठ विचारलंत. शेवटचं मला माहीत नव्हतं. वडिलांनाही माहीत नाही. त्यांनी मराठीत सांगितलं, त्याने उर्दूत लिहिलं आणि वडिलांनी अंगठा उठवला. "मग अर्धीच साक्ष ठाऊक आहे तुला," असं म्हणून तुम्ही शिकवायला लागलात.

तुम्ही बसूनच शिकवायचात. बाकीचे सगळे प्राध्यापक उभे राहून शिकवत. मुलांची त्यावर चेष्टा चालायची की मुन्सिफसाहेब अजून कोर्टाच्या इजलासावरून उतरलेले नाहीत. कराराचा कायदा शिकवणारे साहेब मुळात हायकोर्टातले वकील होते, ते शिकवताना सारखे घड्याळाकडे पाहत. गुन्ह्यांचा कायदा शिकवणारे पूर्वी सरकारी वकील होते, ते प्रश्न असा विचारत की आपण काहीतरी करून बसलोय असं वाटावं. महसूल शिकवणारे तहसीलदार होते, फळ्यावर आधी बांध आणि विहीर काढल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. एक बॅरिस्टर होते. त्यांच्याबद्दल औसा म्हणायचा की ह्यांनी हायकोर्ट फक्त नयापुलावरून जाताना पाहिलंय. हे तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही औशाला उभं केलंत आणि शांतपणे म्हणालात, "पण त्यांनी पुस्तक आतून पाहिलंय बाबा. तू पुलावरून."

कोण आधी कुठे बसत होता ते विचारा, मग त्याचा कायदा ऐका, हे तुमचं नेहमीचं सांगणं. मला तेव्हा ते पटत नव्हतं. पुस्तक एकच आहे तर शिकवणारा कुठून आला याने काय फरक पडतो, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मला तसं वाटणं सोयीचं होतं. मी जिथून आलो तिथे पुस्तकच नव्हतं.

तुम्ही सांगितलेली एक हकिकत सगळ्या वर्गाला पाठ होती. मारामारीचा खटला होता. मार माळवदावर झाला. साक्षीदार आपल्याकडचा, मराठी. तो म्हणाला, "मी खाली होतो." अहलकाराने उर्दूत तोच शब्द लिहिला, आणि उर्दूत खाली म्हणजे रिकामा, रिकाम्या हाताचा. झालं. वकील उठले आणि म्हणाले की साक्षीदार तिथे हजर होता, फक्त त्याच्या हातात काठी नव्हती. माणूस बिचारा जिन्याखाली बैल बांधत होता. तुम्ही मराठी म्हणून तुमच्या लक्षात आलं. "माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तो साक्षीदार माळवदावर चढला असता," असं तुम्ही म्हणालात. सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो, मला आठवतं.

आणि त्यावरून तुम्ही नियम दिलात. शब्द अडला तर तो मूळ आहे तसाच लिहायचा, खाली रेघ मारायची आणि विचारायचं. विचारायला लाजायचं नाही. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

मग पोलीस ॲक्शन झालं. कॉलेज काही दिवस बंद राहिलं, पुन्हा उघडलं. भिंतीवरची निजामाची तसबीर गेली, तिथे पांढरा चौकोन राहिला. शिकवणं उर्दूतून होत होतं ते इंग्रजीतून करायचं ठरलं. मला आनंद झाला. तुमच्यामाझ्यातला एकच खरा वाद त्यावरून झाला आणि तो पुरा झाला नाही. मी म्हणालो, आता सगळं इंग्रजीत येईल, बरं होईल, सगळ्यांना सारखं. तुम्ही म्हणालात, "सारखं कोणाला? जिंतूरच्या साक्षीदाराच्या बोलण्याचा आधी एकदा तर्जुमा व्हायचा, आता दोनदा होईल." मी चिडलो. मी म्हणालो की तुम्हाला उर्दूचं एवढं प्रेम आहे, कारण तुम्ही निजामाची नोकरी केलीत.

हे मी व्हरांड्यात, चार मुलांसमोर बोललो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "हौ, केली ना," एवढंच म्हणालात आणि वर्गात गेलात. नंतर कधीतरी माफी मागायची असं मी मनात धरलं होतं. पुढे जे घडलं त्यात ती गोष्ट इतकी लहान झाली की मागायची राहूनच गेली.

नव्या सरकारला प्रत्येक प्राध्यापकाची माहिती इंग्रजीत हवी होती. आधी कोणती नोकरी, कुठे, किती काळ आणि ती का सुटली. कॉलेजातल्या अहलकारांना इंग्रजी येत नव्हतं. उर्दू वाचून इंग्रजीत नीट अक्षरात लिहील असा मुलगा आहे का, असं त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही माझं नाव दिलंत. व्हरांड्यातल्या त्या बोलण्याला आठवडाही झाला नव्हता.

मी दोन दुपारी ऑफिसात बसलो. सात जणांचे कागद. सर, त्या दोन दुपारी मी किती खूश होतो ते सांगतानाही आता संकोच होतो. वडिलांना पत्र लिहिलं की मोठ्या मोठ्या साहेबांचे कागद माझ्या हातात दिलेत. कागद वाचताना प्राध्यापक वेगळेच दिसायला लागले. घड्याळ पाहणारे करारवाले साहेब तरुणपणी पेशकार होते, न्यायाधीशापुढे खटल्याचे कागद मांडणारे. गुन्ह्यांच्या साहेबांनी सरकारी वकिली दोनदा सोडून दोनदा धरली होती. मला वाटलं, हे सगळे कुठून कुठून चढत आलेत, आणि ते मी लिहितोय.

तुमचा कागद शेवटी आला. घाईचं, मोडक्या वळणाचं उर्दू अक्षर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की अमुक तारखेपासून ओहद्यावरून, म्हणजे पदावरून, सुबुकदोश केले गेले. हा शब्द मी शाळेत कधी वाचला नव्हता. सुबुक म्हणजे हलका, हे मला ठाऊक होतं. आणि दोश. उर्दूत आपला दोष लिहायचा तर तो असाच लिहितात, त्या लिपीत आपल्या श-ष चा फरक नाही. मी वाचलं, हलका दोष. हलक्या दोषावरून नोकरीतून गेलेले.

मी थबकलो. पाठ केलेला नियम मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण विचारायचं कोणाला? समोर अहलकार होते, त्यांना विचारलं तर तुमचा दोष आणखी एका माणसाला कळेल असं मला वाटलं. तुम्हाला विचारलं तर तुम्हाला खाली पाहावं लागेल. व्हरांड्यात मी तुम्हाला एकदा दुखावलं होतं, पुन्हा नको. म्हणून मी विचारलं नाही. मला वाटलं मी तुमची लाज राखतोय. इंग्रजीत सौम्यातला सौम्य शब्द शोधला. मराठीत सांगायचं तर मी लिहिलं, 'किरकोळ दोषावरून सेवेतून दूर.' किरकोळ हा शब्द लिहून झाल्यावर मला थोडं बरं वाटलं होतं.

तो कागद पुढे ज्यांनी वाचला ते बाहेरच्या प्रांतातून आलेले अधिकारी होते. त्यांना उर्दू येत नव्हतं. ज्यांना उर्दू येत होतं त्यांना इंग्रजी कागद कोणी दाखवला नाही. मधल्या जागेत फक्त मी होतो.

काही महिन्यांनी तुमचे तास कमी झाले. मग पुढच्या टर्मला तुम्हाला ठेवायचं की नाही हे खुलासा आल्यावर ठरेल, असं सरकारचं पत्र आलं. तुम्ही आम्हाला वर्गातच सांगितलंत, जणू एखादा खटला सांगताय. "खुलासा मागितलाय. कशाचा ते लिहिलेलं नाही. नुसतं लिहिलंय, दोषाचा." मुलं कुजबुजली. कोणी म्हणालं, निजामाच्या वेळच्या सगळ्यांनाच असं विचारतायत. मीही तसंच मानलं. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या मनात हेच होतं की बिचाऱ्या सरांचा जुना दोष शेवटी वर आला.

त्या रविवारी तुम्ही मला चिक्कडपल्लीला घरी बोलावलंत. खुलासा इंग्रजीत लिहायचा होता. तुमचं इंग्रजी पुस्तकी होतं, हळू चालायचं. मी टाक घेऊन बसलो. काकूंनी पोहे आणून ठेवले. तुम्ही जुना हुकूम काढलात, तोच, मी पाहिलेला, आणि मोठ्याने वाचलात. सुबुकदोशवर आलात आणि मला समजावून सांगायला लागलात, वर्गात सांगायचात तसं.

"दोश म्हणजे खांदा, बाबा. सुबुकदोश म्हणजे ज्याचा खांदा हलका झाला तो. जिम्मेदारीतून मोकळा. काढलं असतं तर बरतरफ लिहिलं असतं ना. मी स्वतः नोकरी सोडायची दरख्वास्त दिली होती."

मग तुम्ही ती नोकरी का सोडलीत तेही सांगितलंत. रझाकारांच्या दिवसांत एका गावच्या नऊ माणसांना तुमच्यासमोर आणलं. साक्षी आधीच लिहून तयार होत्या. सात साक्षीदार आणि सातांचे शब्द तेच, एक काना इकडचा तिकडे नाही. फक्त तुमच्या सहीची वाट होती. तुम्ही म्हणालात की साक्षीदार माझ्यासमोर बोलतील ते मी लिहीन. वरून निरोप आला की एवढी जरूर नाही. तुम्ही दरख्वास्त लिहिलीत. "त्या नऊ जणांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही," हे तुम्ही खिडकीकडे पाहत सांगितलंत. "मी गेलो, दुसरा आला असेल. त्याने सही केली असेल. दोष म्हणायचा तर तो आहे माझ्याकडे. पण तो ह्यांना कुठून कळला?"

सर, त्या वेळी टाक माझ्या हातात होता. मला सगळं कळलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते असं की मला ताप आल्यासारखं वाटतंय, उद्या येतो. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला. पोहे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हिमायतनगरच्या बाजूने लांबून कॉलेजला जायला लागलो, म्हणजे तुमची गल्ली टळावी.

त्यानंतर तुम्ही एकदाच भेटलात, सुलतान बाजारात, जुन्या पुस्तकांच्या दुकानापाशी. मी नमस्कार केला. अभ्यासाचं विचारलंत, वडिलांचं विचारलंत. निघताना म्हणालात, "अक्षर चांगलं आहे तुझं, जिंतूर. पण विचारत जा." मी मान हलवली. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही, की लावायचा नव्हता, मला आता सांगता येत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. सकाळी, अंघोळीला पाणी काढताना.

तेराव्याला मी तुमच्या घरी आलो होतो. पानं वाढली जात होती. काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुमचे कागद त्यांनी एका जागी काढून ठेवले होते. त्यांना उर्दूही येत नाही आणि इंग्रजीही नाही, कोणते ठेवायचे हे विचारायचं होतं. वरच होता माझ्या हातचा कागद. नक्कल कॉलेजात राहिली होती, मूळ कागद मात्र सरकारी ऑफिसाने मागाहून तुम्हाला पाठवला होता, खुलाशासाठी. 'दोष' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ होती आणि समासात उर्दूत एकच शब्द, सुबुकदोश. त्याच्याबरोबर तुमच्या खुलाशाची प्रत. तुम्ही तो स्वतःच लिहिला होता, दोनच वाक्यं, की हा तर्जुम्याचा दोष आहे, मूळ हुकूम सोबत जोडला आहे. त्याला सरकारी ऑफिसाचं उत्तर आलं होतं. तर्जुमा कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला, त्याचं नाव कळवावं.

त्या उत्तराला तुमचं उत्तर नव्हतं. पत्रावरची तारीख पाहिली. सुलतान बाजारात आपण भेटलो त्याच्या चार दिवस आधीची.

तुम्ही माझं नाव वाचवायला गप्प राहिलात, असं मला मानता येईल. मित्र म्हणतात, तसंच असणार. पण सर, ते मानणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी मानत नाही. कदाचित तुम्ही थकला असाल. कदाचित लिहायला बसणार असाल. कदाचित मी स्वतः येऊन सांगेन म्हणून तुम्ही थांबला असाल, आणि मी हिमायतनगरवरून जात होतो. ह्यातलं काय खरं ते आता कोणी सांगणार नाही. तुम्ही शिकवलेलं आहे की जे समोर बोललं गेलं नाही ते लिहायचं नाही.

काकूंनी त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हे काय केलंय त्यांनी?" मी सांगितलं. सगळं, त्या दुपारच्या ऑफिसापासून. बाहेर कोणीतरी तूप मागत होतं. काकूंनी कागदाची घडी घालून तो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "शेवटचा महिना सारखं विचारायचे मला, माझा दोष काय गं? मी म्हणायची, काही नाही हो. मला काय ठाऊक." आणि थोड्या वेळाने, "मला सांगून काय उपयोग? ज्यांनी विचारलंय त्यांना जाऊन सांग."

गुरुवारी मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. जुन्या अहलकारांनी माझं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "आदमी गुजर गया, मिसल बंद हो गई बाबा. अब किसकू दुरुस्त करते?" तरी त्यांनी मला प्राचार्यांकडे नेलं. प्राचार्यांनी शब्दाचा अर्थ दोनदा विचारला. मी खांद्याला हात लावून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, शोकसभेत गाळलेली ओळ त्यांना आठवली. मग ते म्हणाले की अर्ज दिला तर तो मिसलीला, म्हणजे फाइलला, लागेल, माझ्या नावासकट, आणि तो कायम राहील. उद्या मी सनद मागायला जाईन, कोणी मिसल उघडली तर कॉलेजच्या कागदात चूक केलेला मुलगा म्हणून माझं नाव निघेल. अर्ज न दिला तरी चालेल, जाणाऱ्याला आता फरक पडत नाही. हे त्यांनी मायेनेच सांगितलं.

मी अर्ज लिहिला. इंग्रजीत लिहिला, आणि सुबुकदोश हा शब्द मात्र आहे तसा उर्दूत लिहून खाली रेघ मारली. तर्जुमा मी केला, कोणाच्या सांगण्यावरून नाही, अर्थ मला माहीत नव्हता आणि मी विचारलं नाही, एवढंच. सही केली. वडिलांना अजून कळवलेलं नाही. त्यांना हे कसं सांगायचं ते मला सुचत नाही.

संध्याकाळी काकूंकडे जाऊन सांगितलं की अर्ज दिला. त्या निवडायला तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता ते वाक्य खोडतील?"

मी सांगितलं की नाही. मिसलीतलं लिहिलेलं खोडत नाहीत. ते तसंच राहतं, दुरुस्ती खाली जोडतात.

"म्हणजे वाचणारा आधी तेच वाचणार."

"हो, काकू."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही. "आणि खाली तुझं नाव आहे ना, नीट लिहिलेलं?"

आहे, असं मी म्हणालो.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.